भाजीच्या पेटीसोबतचा फोटो उतरवण्याबाबत

प्रति,
मा. योजना अधिकारी,
सकस आहार साहाय्य कक्ष,
दुसरा मजला (लिफ्ट कायम बंद असते ती इमारत).

विषय : चौकातील फलकावर हसत असलेल्या अर्जदारांचा फोटो उतरवणे व त्यांची बंद केलेली भाजीची पेटी पुन्हा सुरू करणे याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, ज्यात अर्जदारांचे बरे झाल्याबद्दल अभिनंदन करून त्यांचे जेवण बंद करण्यात आले आहे.
२) सदर फलक.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार या एका लॉन्ड्रीत इस्त्रीचे काम करतात. त्यांचा उजवा हात भाजला असल्यामुळे हा अर्ज त्यांची धाकटी जाऊ लिहीत आहे. लिहिणारी एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते, त्यामुळे 'सदर', 'उपरोक्त' आणि 'यथोचित' हे शब्द तिच्याकडे भरपूर आहेत. आपल्या कार्यालयाला त्यांची आवड असल्याचा अनुभव असल्याने ते जागोजागी घातले आहेत. अर्जदारांना यापुढे 'जाऊबाई' असे संबोधले जाईल, कारण घरात त्यांना तसेच म्हणतात आणि 'लाभार्थी' हा शब्द त्यांना आता लागू नाही.

२. जाऊबाईंना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे व त्या सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घेतात. थोरले भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, वारल्यापासून त्या, लिहिणारी व लिहिणारीचा नवरा असे तिघे दोन खोल्यांत राहतात. लिहिणारीचा नवरा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि आमचा स्वयंपाक आटत गेला. आधी फळं गेली, मग अंडी, मग हिरवी भाजी. उरला भात, पाव आणि बटाटा. आपण शिकलेले आहात, तेव्हा स्वस्तात पोट भरणारं जे जे असतं तेच नेमकं साखर वाढवणारं असतं, हे आपल्याला ठाऊक असेलच. नसल्यास यथोचित चौकशी करावी.

जाऊबाईंना डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की टोचलं की खायचं, आणि नीट खायचं. त्या टोचून घ्यायच्या, ताटावर बसायच्या आणि दोन घास झाले की म्हणायच्या, "आज भूकच नाही गं." मग ताट हळूच दिराकडे सरकवायच्या. आई गेल्यावर या दिराला त्यांनीच लहानाचा मोठा केला. आता तो चांगला मिशीवाला बाप्या आहे, पण त्यांच्या लेखी तो अजून वाढत्या वयाचाच. तो खाली मान घालून खायचा. लिहिणारीने एकदा चिडून म्हटलं, "जाऊबाई, रोज रोज भूक कशी मरते हो तुमची?" तर म्हणाल्या, "वयच झालं." त्यांचं वय आपल्यापेक्षा कमीच भरेल.

३. दवाखान्यातल्या सिस्टरनी एक दिवस जाऊबाईंच्या बोटातून रक्त काढलं, आकडा बघितला आणि औषध बदलायच्या ऐवजी विचारलं, "तुम्ही जेवता काय?" हा प्रश्न इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारला होता. जाऊबाई खरं बोलल्या. सिस्टरनीच मग आपल्या योजनेची चिठ्ठी दिली : मधुमेह असलेल्या आणि पुरेसं अन्न न मिळणाऱ्या माणसाला डॉक्टरांच्या शिफारशीवर दर आठवड्याला भाज्या, डाळी आणि अंडी यांची पेटी. ज्या कुणाला हे सुचलं त्याचं डोकं चांगलं होतं, एवढं कबूल करावं लागेल. तो माणूस आपल्या कार्यालयात टिकला नसावा.

४. पात्रता ठरवण्यासाठी जाऊबाईंना आपल्यासमोर बसवण्यात आलं. आपल्या टेबलावर थर्मास आणि काजूची बरणी होती. आपण विचारलंत, "अन्नाची चणचण आहे म्हणता, म्हणजे नेमकं काय?" जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे पातेल्यात डाव घातला की तळ वाजतो." आपण "हं" म्हणालात आणि चणचणीपुढे 'अंशतः' असं लिहिलंत. जिना उतरताना जाऊबाईंनी लिहिणारीला विचारलं, "अंशतः म्हणजे काय गं?" लिहिणारी म्हणाली, "म्हणजे डाव वाजतो, पण साहेबांना ऐकू येत नाही." त्या जिन्यातच बसून हसल्या. कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

५. पेटीआधी आहार मार्गदर्शन शिबिराला हजर राहणं सक्तीचं होतं. तिथे आपल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पडद्यावर मासे, बदाम, अक्रोड, ज्यांची नावंही बोलता येत नाहीत अशी निळी-जांभळी फळं दाखवली आणि सांगितलं, "ताट नेहमी रंगीबेरंगी हवं." समोर जमलेली माणसं सकाळपासून रांगेत उभी होती आणि त्यांतल्या निम्म्यांनी काही खाल्लेलं नव्हतं. ती पडद्याकडे अशी बघत होती की बाईंना वाटलं, विषय फारच रंगला. मग मधल्या सुट्टीत मधुमेही मंडळींना साखरेचा चहा आणि क्रीमची बिस्किटं वाटण्यात आली. जाऊबाईंशेजारच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने वाढणाऱ्याला विचारलं, "बाबा, हे खायचं, की खायचं नाही याचा नमुना म्हणून बघायचं?" वाढणारा म्हणाला, "मला फक्त वाटायला सांगितलंय." आपल्या खात्याचं धोरण इतक्या मोजक्या शब्दांत दुसऱ्या कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

६. तरीही पेटी आली. खोटं कशाला बोलावं, चांगली आली. पालक, गाजरं, शेंगा, हिरवी सालाची मुगाची डाळ, अंडी. पहिल्या दिवशी जाऊबाई शेंगा निवडायला दारात बसल्या त्या उठेचनात. एकेक शेंग सोलून दाणे ताटलीत टाकायच्या आणि ताटली हलवून बघायच्या, लहान पोर खुळखुळा हलवतं तशा. संध्याकाळी त्या पूर्ण जेवल्या. दिराने ताट पुढे केलं तर म्हणाल्या, "तुझं तू खा, मला भूक आहे." हे वाक्य घरात कितीतरी दिवसांनी ऐकलं. लिहिणारीच्या नवऱ्याला ठसका लागला आणि तो पाणी प्यायला उठून बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही.

पुढे त्यांच्या पायांची आग कमी झाली, डोळ्यांवरची झापड गेली, आणि लॉन्ड्रीत त्या पुन्हा उभ्यानं गप्पा मारायला लागल्या. सिस्टरनी रक्त तपासून म्हटलं, "तुमचं जेवण औषधासारखं लागू पडलंय हो." इथपर्यंत आपल्या कार्यालयाविरुद्ध काहीही तक्रार नाही. इथे आपण थांबला असता तर हा अर्ज आभाराचा झाला असता.

७. परंतु आपण आमच्या घरी फोटो काढायला आलात. सोबत फोटोवाला, आहारतज्ज्ञ बाई आणि आपण स्वतः. जाऊबाईंची पेटी आपल्याला लहान वाटली, म्हणून गाडीतून दुसरी मोठी काढण्यात आली. तिच्यात द्राक्षं, सफरचंदं, अननस होता. ही फळं जाऊबाईंना योजनेत कधी मिळालेली नाहीत. त्यांनी सफरचंद सवयीनं दाबून बघितलं तर ते मेणाचं निघालं. त्या म्हणाल्या, "अहो, हे खोटं आहे." आपण म्हणालात, "फोटोत कळत नाही. हसा." त्या हसल्या. त्यांना वाटलं, नाही हसलं तर पेटी बंद होईल. मग ती मोठी पेटी गाडीत परत गेली, द्राक्षांसकट. द्राक्षं खरी होती. आपण जिना उतरताना दोन तोंडात टाकलीत, हे लिहिणारीने पाहिलं आहे.

८. त्यानंतर लवकरच संदर्भ क्र. १ चं पत्र आलं. त्यातला मजकूर असा, "आपल्या प्रकृतीत अपेक्षित सुधारणा झाल्याने आपली गरज संपुष्टात आली आहे. हार्दिक अभिनंदन." जाऊबाईंनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पाऊस लागत नाही म्हणून छत्री काढून घेतली?" दोघी आपल्याकडे आलो. आपण खुर्चीत मागे रेललात आणि म्हणालात, "अहो बाई, हे तर यश आहे! तुम्ही बऱ्या झालात."

जाऊबाई म्हणाल्या, "साहेब, मी पेटीनं बरी झाले. पेटी गेली की परत आजारी पडेन."

आपण म्हणालात, "तसं झालं तर अवश्य या. साखर सलग वाढलेली असली पाहिजे, एकदाची चालत नाही."

त्यांनी साधेपणानं विचारलं, "किती वाढवून आणू?"

यावर आपण चिडलात आणि असं बोलणं बरं नव्हे, म्हणालात. लिहिणारीचा आजतागायत समज असा आहे की तो प्रश्न त्या दिवशी त्या खोलीत विचारला गेलेला एकमेव शहाणा प्रश्न होता. उपरोक्त प्रश्नाचं उत्तर अद्याप अप्राप्त आहे.

९. पेटी बंद झाली आणि फलक लागला. लागला तो लॉन्ड्रीच्या समोरच्या चौकात, इस्त्रीच्या टेबलावरून आणि आमच्या घराच्या खिडकीतूनही सरळ दिसेल असा. घराएवढा चेहरा, हातात अननस, आणि खाली जाऊबाईंच्या नावे एक वाक्य : "मी माझ्या साखरेला हरवलं!" जाऊबाई असं कधीही बोललेल्या नाहीत. त्या मराठी बोलतात.

फलक नुसता खोटा असता तर आम्ही पाठ फिरवली असती. पण त्याने घरातलं उरलंसुरलंही नेलं. भाजीवाली मावशी संध्याकाळी गाडी आवरताना राहिलेला पाला जाऊबाईंसाठी बाजूला काढून ठेवायची. ती म्हणाली, "तुम्हाला आता काय कमी! गरजवंताला देते बाई." लॉन्ड्रीचा मालक दुपारी बायकांना उकडलेली अंडी आणायचा, त्यातलं जाऊबाईंचं थांबलं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "एवढी पेटी येते, एखादं गाजर तरी द्यायचं." जाऊबाईंनी तिला आत बोलावून रिकामी टोपली दाखवली. तिने टोपली बघितली, मग खिडकीतून फलक बघितला, आणि फलकावरच विश्वास ठेवला. जाताना म्हणाली, "लपवता छान." माणूस समोर उभं असताना लोक फोटो खरा मानतात, ही सोय आपल्याला फार उपयोगी पडत असणार.

जाऊबाई पुन्हा संध्याकाळी "भूक नाही" म्हणायला लागल्या.

१०. हात भाजला त्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखं टोचून घेतलं. घरात पावाचा एक तुकडा होता. तो त्यांनी दिराच्या डब्यात घातला, कारण त्याला कुठेतरी कामाला बोलावलं होतं. लिहिणारी तेव्हा घाईत होती आणि तिने विचारलं नाही. लॉन्ड्रीत त्या हॉटेलच्या टेबलांवरची पांढरी कापडं इस्त्री करत होत्या. आधी घाम फुटला, मग हात कापायला लागला. शेजारच्या बाईने विचारलं, "काय होतंय?" तर त्या म्हणाल्या, "शेंगा सोलायच्या राहिल्यात." आणि तशाच पुढे टेबलावर कोसळल्या, हात इस्त्रीखाली. वास आला तेव्हा बायकांना आधी वाटलं, कापड जळतंय.

बायकांनी त्यांना ओढून बाजूला घेतलं, साखरपाणी पाजलं, तळहात पाण्याखाली धरला. लिहिणारी दवाखान्यात पोचली तेव्हा सिस्टर हाताला पट्टी बांधत होत्या. बांधताना त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "इंजेक्शन घेतलं आणि पोटात काही नव्हतं. साखर पार खाली गेली. इस्त्री नसती, जिना असता, तर..." शुद्धीवर आल्यावर जाऊबाईंनी पहिली चौकशी केली ती कापडाची, डाग पडला का म्हणून.

११. दुसऱ्या दिवशी लिहिणारी एकटी आपल्याकडे आली. रडली नाही, आवाज चढवला नाही, दवाखान्याचा कागद पुढे ठेवला. आपण तो चष्मा वर करून वाचलात आणि म्हणालात, "पण इथे तर साखर कमी झालेली दिसते. म्हणजे पात्रतेपासून त्या आणखी लांब गेल्या."

महोदय, लिहिणारीने वकिलाकडे पुष्कळ निर्लज्ज माणसांचं टायपिंग केलं आहे. पण ती माणसं निदान स्वतःच्या फायद्यासाठी तसं बोलतात. आपण काहीही मिळणार नसताना बोललात. मूर्खपणा इतका निःस्वार्थ असू शकतो, हे तिने प्रथमच पाहिलं.

निघताना आपण तिला थांबवून एक निमंत्रणपत्रिका दिलीत. योजनेच्या यशाचा समारंभ आहे, त्यात जाऊबाईंना गौरवपत्र द्यायचं आहे, "हाताची पट्टी शक्यतो दिसू नये" अशी सूचना केलीत. समारंभात जेवण आहे का, असं विचारल्यावर आपण म्हणालात, "जेवण निमंत्रितांना. लाभार्थ्यांना चहा." जाऊबाई समारंभाला आल्या नाहीत. खुर्ची रिकामी राहिल्याने आपली पंचाईत झाली असं कानावर आलं. बरं वाटलं.

१२. अर्जातील मागण्यांबाबत जावाजावांत मतभेद आहे व तो नमूद करणं आवश्यक आहे. लिहिणारीचं म्हणणं, फलक उतरवा, आमचं तोंड आम्हाला परत द्या. जाऊबाईंचं म्हणणं, जसंच्या तसं : "फोटो राहू दे म्हणावं. हवं तर आणखी हसते. पेटी तेवढी दे म्हणावं, आणि माझ्या एकटीला नको, तो रंगारी म्हातारा पण वाट बघतोय." लिहिणारीने हे लिहायला नकार दिला. त्यावर जाऊबाई पट्टीचा हात उगारून म्हणाल्या, "माझा अर्ज आहे, माझं लिही. तुझा राग तुझ्या अर्जात घाल." म्हणून लिहिलं आहे. परंतु लिहिणारीचा राग अर्जातून वगळलेला नाही.

आपल्याला एकच समजण्यासारखी मागणी हवी असेल तर ती अशी : बरं झालेल्या माणसाचं अन्न काढू नये. हे नियमात बसवायला फारशी बुद्धी लागत नाही. कक्षात उपलब्ध आहे तेवढी पुरेल.

१३. आता पुढची हकीकत. ती मागणी नव्हे, माहितीस्तव.

भाजीवाली मावशी दवाखान्यात आली, तिने पट्टी बघितली आणि खाली बसली. म्हणाली, "मी त्या फोटोचं ऐकलं गं. तुला विचारलंच नाही." दुसऱ्या दिवशी ती दुपारीच पाला आणि मोडकी गाजरं घेऊन लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत हजर झाली. मालकाने बॉयलरशेजारची शेगडी वापरायला दिली, कुरकुरत दिली, पण दिली. कुणी मूठभर डाळ आणते, कुणी दोन कांदे. लिहिणारीच्या नवऱ्याला बाजारात हमाली मिळाली आहे, तो येताना फुटक्या भोपळ्याची फोड आणतो आणि मोठा आहेर आणल्यासारखी ऐटीत ठेवतो. एक मोठं पातेलं शिजतं. साखरवाल्यांना आधी वाढतात, कारण त्यांचं इंजेक्शन थांबत नाही. रंगारी येतो, शेजारीण येते, तीही आता खिडकीबाहेर बघत नाही. जाऊबाई डाव्या हाताने वाढतात. सगळ्यांची पोटं भरतात असं नाही, आणि पावसापाण्यात काही मिळत नाही तेव्हा पातेलं पातळ होतं. जे काम आपलं आहे ते इस्त्रीवाल्या बायका करत आहेत, याचा आपण अभिमान बाळगू नये.

गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयातून एक तपासनीस आले. सडपातळ गृहस्थ, काखेत फाईल. ऐन वाढायच्या वेळी दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "हे आहार केंद्र नोंदणीकृत आहे का? इथे जेवणाऱ्यांची पात्रता कोण तपासतं?"

सगळ्या बायका लिहिणारीकडे बघायला लागल्या, कारण असल्यांना उत्तर द्यायचं काम तिचं. ती तोंड उघडणार तेवढ्यात जाऊबाईंनी विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

ते म्हणाले, "मी कामावर आहे."

"जेवलात का, ते विचारलं."

त्यांनी फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. मग म्हणाले, "सकाळपासून हिंडतोय." जाऊबाईंनी डोळ्यांनी जागा दाखवली. त्यांनी फाईल जमिनीवर ठेवली, बसले, आणि ताट समोर आल्यावर खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. आम्ही सगळे ती साखरेवरची पट्टी ओळखतो. जाऊबाईंनी भात कमी केला आणि पालेभाजी दुप्पट वाढली.

त्यांनी अहवालात काय लिहिलं ते आम्हाला ठाऊक नाही, आपल्याला असेल. ते मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच वेळेला आले. फाईल आणली नव्हती, कोथिंबिरीची जुडी आणली होती.

आपली, नम्रता शिल्लक आहे तोवर,

(डाव्या हाताची सही)
अर्जदार, इस्त्रीवाली
लिहिणारी : तिची धाकटी जाऊ

दिनांक : आपण हा अर्ज उघडाल तो.

सोबत : काही जोडलेले नाही. आमचा एकही कागद असा उरलेला नाही जो आपल्याकडे धूळ खात नाही.